उंबरठ्याबाहेर

“मावशी, एकट्या आत नका जाऊ हं. मी आलेच,” असं म्हणून माझ्या जोडीला काम करणारी ताई दुधाच्या बाटल्या आणायला गेली, आणि नेमकी तेव्हाच आत निजलेली सगळ्यात धाकटी पोर उठली.

पाळणाघरात लागले तेव्हाच बाईंनी बजावलं होतं. पूर्वी ज्या देशात मुलं सांभाळली, तिथल्या पोलिसांचा दाखला येईपर्यंत मुलांजवळ एकटीनं थांबायचं नाही. महिनाअखेर दाखला आला नाही, तर घरी बसायचं. तिकडचं पाळणाघर तर केव्हाच बंद पडलं होतं, मालकीणबाई वारल्या होत्या. माझी ओळख सांगणारं कोण उरलं होतं? मी वाढवलेली पोरं. त्यांनाही आता पोरं झाली असतील.

“सरकारी काम नि सहा महिने थांब,” सून म्हणाली होती. “इथं तर दोन सरकारं. वर्ष धरा. जन्मभर लोकांची पोरं वाढवलीत, आणि आता तुमच्यावर संशय?”

“संशय नव्हे गं, नियम.”

पुढचं तिला सांगितलं नाही. तिकडे मुलांना ने-आण करायला एक गाडीवाला ठेवला होता. गोडबोल्या. त्याला कोणीच काही विचारलं नाही, दाखला मागितला नाही. शेजारच्या देशातून त्याला का हाकललं होतं, ते फार उशिरा कळलं. तोवर एक मुलगी भिंतीला पाठ लावून बसायला लागली होती. तिची ती पाठ अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

धाकटी रडत होती. मी दाराबाहेर, जमिनीवरच बसले. “ये गं चिमणे, इकडे ये.” ती रांगत उंबरठ्यापर्यंत आली आणि तिनं हात वर केले. मी माझे हात मांडीखाली दाबून धरले. बोलत राहिले, गुणगुणत राहिले.

ताई धावत आली. “अहो, घ्यायचं ना उचलून. कोण बघतंय?”

“तिकडेही असंच म्हणायचे,” मी म्हणाले.

त्यानंतर रोज तसंच. ताई जरा बाहेर गेली की मी दाराबाहेर, धाकटी आत.

महिना सरला. दाखला आला नाही. बाईंचा तरी काय दोष? त्यांना माझ्याकडे बघवेना. मी डबा पिशवीत घातला, चपला पायात सरकवल्या. माझी चाहूल लागून धाकटी खेळणं टाकून रांगत निघाली. ताई आतच होती. आज मी घेतलं असतं तर चाललं असतं.

पण ती उंबरठ्याशी आली आणि आपणहून थांबली. हात वर न करता, नुसती माझ्याकडे बघत बसली.