दोनशे एकोणीस मासे

संगणकात दोनशे मासे घातले आणि दोनशे एकोणीस बाहेर आले.

हे मासे मुळा धरणातले रोहू होते. नगरच्या एका महाविद्यालयातील प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख कानिफनाथ शेळके यांनी त्यांच्या लांब्या स्वतः, पूर्ण सेंटीमीटरांत, मोजल्या होत्या. दहापासून तीस सेंटीमीटरांपर्यंत पाच-पाचाचे गट पाडून प्रत्येक गटात मासे किती, हे सांगणारा बेसिक या संगणकभाषेतला प्रोग्रॅमही त्यांचाच. आयुष्यातला पहिलाच, त्यामुळे मासे वाढल्याचे दुःख त्यांना पोटचे पोर नापास व्हावे तसे झाले.

संगणक शिकवणाऱ्या यशोधरा भिंगारदिवेला मात्र दुःख करायला सवड नव्हती. जीवशास्त्राच्या प्राध्यापकांना प्रोग्रॅमिंग शिकवण्याचा हा वर्ग १९९५च्या जूनमध्ये तिनेच प्राचार्यांच्या गळी उतरवला होता. उद्या प्राचार्य पाहणीला येणार होते. पटले तर वर्ग चालू राहील, नाही तर दोन्ही संगणक वाणिज्य शाखेकडे जातील, असे त्यांनी आधीच बजावले होते.

"व्हायरस शिरला असणार," शेळके म्हणाले.

"आमची झाडं बरी," वनस्पतिशास्त्राच्या दीपा लोंढे म्हणाल्या. "मोजताना एका जागी उभी तरी राहतात."

"लोंढेबाई, तुम्ही चपला बाहेर काढल्या होत्या ना?" शेळक्यांनी विचारले.

संगणकाच्या खोलीत पादत्राणांना बंदी होती. त्यांच्या धुळीने यंत्र वेड्यासारखे वागू लागते, अशी साऱ्या महाविद्यालयाची श्रद्धा होती. यशोधरा बाहेर गेली, चपला घालून आत आली आणि तिने प्रोग्रॅम चालवला. दोनशे एकोणीस. चपला काढून पुन्हा चालवला. दोनशे एकोणीस.

"चपला निर्दोष आहेत," ती म्हणाली.

"मग शेवटी एकोणीस वजा करणारी एक ओळ घाला की, मॅडम! प्राचार्य काय मासे मोजत बसणार आहेत?"

"सर, एखाद्या पोरानं बेडकाच्या हृदयाला चार कप्पे काढले आणि तुम्हाला येताना पाहून एक खोडला, तर काय द्याल?"

"कानाखाली."

"मग मासे कमी करू. एकच ठेवा."

शेळक्यांनी सतरा सेंटीमीटरांचा एक मासा ठेवला. उत्तर एक. बावीसचा ठेवला; एक. "आलं शुद्धीवर!" ते म्हणाले आणि त्यांनी विसाचा ठेवला. उत्तर दोन.

त्यांनी भराभर आणखी मासे ठेवून पाहिले. पंधरा घातले, दोन. पंचवीस; दोन. दहा आणि तीस मात्र एकेकच.

शेळके खुर्ची मागे सारून उभे राहिले. "अहो, हा तर रेघेवरचा मासा!"

"म्हणजे?" यशोधराने विचारले. तिला खरोखरच ठाऊक नव्हते.

"सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी मोजतो ना, तेव्हा काचेवर चौकोन आखलेले असतात. पेशी नेमकी रेघेवर बसली तर कोणाची? डाव्या आणि वरच्या रेघेवरची आपली. उजव्या आणि खालच्या रेघेवरची शेजाऱ्याची. पंचवीस वर्षं घसा फोडून सांगतोय पोरांना!"

"आणि स्वतः दोन्हीकडच्या रेघा आपल्याच म्हणालात," दीपाबाई म्हणाल्या.

सीमेवरचा आकडा एकाच गटात धरायचा, हीच गोष्ट यशोधरा महिनाभर परीक्षेच्या गुणांचे दाखले देऊन समजावत होती आणि ती कोणाच्याही डोक्यात शिरली नव्हती. तिने खडू शेळक्यांपुढे धरला. "सर, उद्याचा हा धडा तुम्ही घ्या."

शेळक्यांनी गटांच्या वरच्या मर्यादेतले बरोबरचे चिन्ह काढले; आता पंधराचा मासा फक्त पुढच्या गटात मोजला जाणार होता. शेवटच्या गटातले तेवढे राहू दिले, कारण त्याच्या उजवीकडे शेजारी नव्हता. प्रोग्रॅम चालला. दोनशे! शेळके इतक्या मोठ्याने ओरडले की वाणिज्य शाखेची मंडळी दारात येऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी शेळक्यांनी फळ्यावर पेशी आणि मासे शेजारी शेजारी काढले. मागच्या बाकांवरचे प्राध्यापकही, आजवर प्रथमच, आपापल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधू लागले. प्राचार्यांनी तासभर ऐकले. मग वर्ग चालू राहील, दोन्ही संगणक इथेच राहतील, आणि पुढच्या सत्रात रसायनशास्त्राच्या लोकांनाही बसवा, असे त्यांनी सांगितले. यशोधराने मान डोलावली. हसू आवरण्याचा प्रयत्न तिने केला नाही.

दारातून प्राचार्य वळले. "पण ते एकोणीस मासे आले कुठून?"

"कुठूनही नाही, सर," शेळके म्हणाले. "एकोणीस मासे बरोबर पंधरा, वीस किंवा पंचवीस सेंटीमीटरांचे होते. त्या लांब्या मी दोन्ही गटांत धरल्या, म्हणून यंत्रानं ते मासे दोनदा मोजले."