वजनात बसलेलं पत्र

लाखेचा थेंब सुतळीच्या गाठीवर पडला, जरासा पसरला आणि थिजला… तेओ हाक-सुन त्यावर फुंकर घालत राहिला, लाख कधीच घट्ट झाली होती तरी. पुडक्यात नदीकाठच्या माणसांची पत्रं होती – हमालांची, नावाड्यांची, वखारीत आलं निवडणाऱ्या बायकांची. इतकी वर्षं ती तो स्वतः घेऊन जायचा. सिंगापूरहून आगबोटीच्या डेकवर बसून, पत्रं मेणकापडात गुंडाळून पोटाशी बांधलेली. चीनच्या किनाऱ्यावर स्वाटाव बंदरात उतरलं की गावोगाव पायी. हाच त्याचा धंदा. गेल्या खेपेला मात्र बोटीची शिडी चढताना गुडघे अडले, मागच्याने त्याला ढुंगणाला रेटून वर ढकललं, आणि सगळे हसले. तोही हसला. पोचवायला आलेला त्याचा मालक कुआ शेठ तेवढा हसला नाही.

“आता टपालानं पाठवू,” तो परत आल्यावर शेठ म्हणाला होता. “एकच पुडकं, वजनाचे पैसे भरायचे, बोट नेईल. तिकडे आपली माणसं वाटतील. तू इथलं बघ.”

इथलं म्हणजे काय? आणि बोट नेईल म्हणजे… बोटीला कोण ओळखतं? लोकांनी पत्रं दिली ती माझ्या तोंडाकडे बघून. सकाळीच तांदळाची पोती वाहणारा लोह आला होता.

“काका, आईला सांगा, मी जाडा झालोय.”

“मी जात नाहीये रे या खेपेला. पत्रातच लिहून घे.”

“लिहिलेलं तिला खरं वाटत नाही,” लोह म्हणाला, आणि उगाच पायानं माती उकरत उभा राहिला.

टपाल कचेरीत गर्दी नव्हती. खिडकीमागच्या कारकुनानं पुडकं तराजूत ठेवायला सांगितलं. त्यानं ठेवलं.

“काका, हात काढा. का त्याचंही वजन लावू?”

हाक-सुननं हात काढला. तो पुडक्यावर होता हे त्याला कळलंच नव्हतं.

“पावसात भिजलं तर?”

“टपालाला आत कुलपाची खोली असते. तुमच्यासारखं डेकवर झोपत नाही ते.”

त्याला हे लागलं. आणि लगेच वाटलं, खरंच की… त्या वादळात, शेजारच्याचं ओकणं अंगावर घेत, पत्रांवर पालथा पडून मी रात्र काढली, तरी दोन भिजलीच. कोणाला बोललो नाही. उन्हात वाळवली, आणि शाई जिथं फुटली होती तिथलं म्हाताऱ्यांना तोंडानं सांगितलं – मनचं. तेव्हा बोटीत कोरडी खोली होतीच म्हणजे. पैसे भरले की मिळणारी.

“अजून एक पत्र बसेल यात,” कारकून वजनाकडे बघत म्हणाला. “पैसे तेवढेच. लाख फोडावी लागेल पण.”

“नको. आहेत तेवढीच.”

“फुकट जातंय काका. तुमचं स्वतःचं काही नाही?”

माझं… त्यानं कधी पत्र पाठवलंच नव्हतं. तोच जायचा ना. सगळ्यांचे निरोप वाटून झाले की शेवटी आपल्या घरी, तोवर बोलणं संपलेलं; पेज प्यायची आणि झोपायचं. “दुसऱ्यांच्या आयांपाशी एवढं बोलता, मला काय आणलंत?” बायको विचारायची. “मी आलोय की!” – हे उत्तर त्याला फार आवडायचं. तिला आवडायचं का?… ती भांडी घासायला उठायची.

बाहेर ओसरीत पत्रं लिहून देणारा म्हातारा बसला होता. तो त्याच्यापुढे जाऊन बसला.

“कुणाला?”

“बायकोला. सिउ-ह्वे.” घरात तो नुसतं ‘अगं’ म्हणायचा, नाव तोंडात परक्यासारखं वाटलं.

म्हाताऱ्यानं लिहायला सुरुवातही केली. “प्रकृती उत्तम, काळजी नसावी…”

“उत्तम नाही. खोडा ते. लिहा – गुडघे गेले. आता मला बोटीवर चढता येत नाही.”

“असं कोणी कळवतं का बायकोला?”

“लिहा हो. शेठनं दुकानामागं खोली दिली आहे. चूल आहे. दुपारी ऊन येतं.” तो थांबला. मागं माणसं ताटकळत होती, ऐकत होती. कान तापले. “लिहा, तू येशील का? यायलाच हवं असं नाही. मी विचारतोय.”

म्हाताऱ्यानं एकदा वर पाहिलं, आणि लिहिलं.

पुडकं नव्या लाखेसकट गोणीत पडलं, गोणी उचलून कोणीतरी घेऊन गेलं. तो रिकामा रस्त्यावर आला. तिकडून उत्तरांची पत्रं घेऊन उतरायचा तेव्हा धक्क्यावर माना उंचावून उभी असलेली माणसं त्याला आठवली. अंगावर यायची, तो खेकसायचा – श्वास तरी घेऊ द्या! आता मीही त्यांच्यातच उभा राहणार… ती नाही म्हणेल कदाचित. तिची डुकरं आहेत, शेजारी बहीण आहे. रागावेल – एवढ्या वर्षांनी बोलवायची आठवण झाली का, म्हणून. किंवा ट्रंक बाहेर काढेल आणि तशीच तिच्यापाशी बसून राहील. त्याच्या डोळ्यांपुढे ती एकसारखी दिसायची थांबली होती. दर पावलाला वेगळंच काही म्हणत होती. ती काय करील हे त्याला खरोखर माहीत नव्हतं – आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे माहीत नसणं त्याला आज चक्क बरं वाटत होतं.