कूलरसमोर ठेवलेला आवाज

सदर बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानदारानं लॅपटॉपचं झाकणही न उघडता सांगितलं होतं, ‘काकू, भंगारात द्या आता याले.’ कुसुमताईंनी तो पिशवीतून तसाच परत आणला आणि शेजारच्या नूपुरला हाक मारली. नूपुरनं नुकतंच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. प्रताप नगरच्या त्या गल्लीत याचा अर्थ एवढाच, की मिक्सरपासून इन्व्हर्टरपर्यंत काहीही बंद पडलं की तिला बोलवायचं.

“काकू, लय जुना आहे हा. काही महत्त्वाचं आहे का यात?”

“यांचा आवाज आहे,” कुसुमताई म्हणाल्या.

वामनराव समोरच खुर्चीत बसले होते, गळ्याशी पांढरा रुमाल बांधून. हिंगण्याच्या कंपनीत सारी नोकरी तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत काढली, आणि निवृत्तीनंतर घशाच्या ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. त्याआधी काटोलकडच्या गावांमध्ये कबड्डीचे सामने असले की माइकवर वामनरावच लागायचे. घरी ते लॅपटॉपसमोर बसून सराव करायचे आणि स्वतःचंच बोलणं रेकॉर्ड करायचे; परत लावून मात्र कधी ऐकायचे नाहीत, चुका काढायचं काम कुसुमताईंचं.

“पहिले वाटे, कानातच आहे आवाज, जाते कुठं,” कुसुमताई हळू आवाजात म्हणाल्या. “आता आठवून नाही राहिला वं मले. बोलले काय ते आठवते. आवाज नाही येत.”

नूपुरनं बटण दाबलं. निळा दिवा लागला, पंखा घरघरला, पडदा मात्र काळाच. मग बारीक बीप, बीप, बीप. जरा थांबून पुन्हा तसंच.

“हा मेला नाही काकू. सांगून राहिला, की मेमरी सापडत नाही मले.”

वामनरावांनी बोट उचललं आणि बायकोच्या डोक्याकडे दाखवलं.

“पाहून राहिली ना नूपुर?” कुसुमताई म्हणाल्या. “बोलणं गेलं, टोमणे काही गेले नाहीत.”

नूपुरनं बॅटरी काढली, लॅपटॉप पालथा घातला आणि खालचे स्क्रू सोडवले. पंख्याच्या पात्यांत गवताच्या बारीक काड्या अडकल्या होत्या. जाळीवर पाण्याच्या क्षाराचा पांढरा थर होता. मेमरीची पट्टी उचकटून पाहिली, तर तिच्या सोनेरी दातांवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी चढलेलं.

“हा कुठं ठेवत होते तुम्ही?”

“कूलरसमोर,” कुसुमताई अभिमानानं म्हणाल्या. “लय गरम होत होता ना तो. आम्ही बाजूला सरकून बसत होतो, पण याले गारवा कमी पडू दिला नाही.”

वामनरावांनी गंभीरपणे मान डोलावली.

“कूलर नुसता वारा नाही फेकत काकू, ओल्या गवतातून पाणीपण फेकते. तुमच्या लाडानं गंजला तो.”

तिनं पेन्सिलचं खोडरबर घेतलं आणि एकेक दात हलक्या हातानं घासू लागली. हिरवा थर निघून खालचं सोनं चमकलं. ही मेमरी विसराळूच असते, वीज गेली की सगळं पुसलं जातं, हे तिला ठाऊक होतं. आवाज शेजारच्या डिस्कवर होता. पण त्याच दमट हवेत इतके उन्हाळे काढल्यावर ती डिस्क फिरेल का, हे तिला सांगता येणार नव्हतं.

डिस्क पत्त्यांच्या जोडाएवढी. आत गुळगुळीत तबकडी, तिच्यावर डोळ्यांना कधीच न दिसणारे चुंबकाचे कण, कुणाचं तोंड इकडे, कुणाचं तिकडे. परीक्षेत हे तिनं पानभर लिहिलं होतं. आज समोर एक माणूस बसला होता, ज्याच्या गळ्यातून एक अक्षर फुटत नव्हतं, आणि त्याचा आवाज या कणांनी विजेशिवाय, वर्षानुवर्षं, तसाच धरून ठेवला होता. कदाचित. नूपुरचे हात आपोआप हळू झाले.

पट्टी बसवली. बटण दाबलं. काळा पडदा, पण बीप नाही. मग आतून डिस्क फिरल्याची बारीक शीळ आली आणि पडदा उजळला.

‘कबड्डी’ नावाचं फोल्डर सापडलं. नूपुरनं पहिलीच फाइल लावली.

“...तर मंडळी, दोन्ही संघांनी मैदानात यावं, आणि पोट्टेहो, रेषेवरून मागं सरका...” एक किनरा, ठसकेबाज आवाज खोलीभर झाला. मधेच तो थांबला, हलका झाला. “कुसुम, दार लाव वं. कुत्रं भुकून राहिलं.”

कुसुमताई दाराकडे अर्ध्या वळल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. पदर तोंडाशी गेला.

वामनराव मात्र कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. त्यांनी हात उलटा करून विचारलं, हा कोण?

“तुम्हीच,” कुसुमताई म्हणाल्या. “असाच होता. अगदी असाच.”

वामनरावांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. छातीवर हात ठेवून खूण केली: माझा जड होता, खर्जातला.

“काका, आपला आवाज आपल्याले डोक्याच्या हाडांतूनपण ऐकू येते,” नूपुर म्हणाली, “म्हणून तो जड वाटते. तो फक्त तुमच्या एकट्याचा. बाकी साऱ्या दुनियेले हाच ऐकू येत होता.”

बोलून झाल्यावर तिच्याच ते नीट लक्षात आलं. मैदानं गाजवणारा हा आवाज, जसा होता तसा, काकूंनी जन्मभर ऐकला होता. काकांच्या कानांवर तो तेव्हा कधी पडलाच नव्हता.

वामनरावांनी खुर्ची पुढे ओढली आणि बोटानं खूण केली, पुन्हा लाव.

या वेळी ते लॅपटॉपकडे पाहत नव्हते. बायकोच्या चेहऱ्याकडे बघत ते ऐकत होते.