सतरा नंबरची चिठ्ठी

चिठ्ठ्या मी कापायचे. सगळ्या एका मापाच्या, कोऱ्या. पेन्सिलीही आमच्याच, म्हणजे कोणाची वही, कोणाची शाई हे कळायला नको. ताई आरोग्य केंद्रातल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या; मी त्यांची मदतनीस. शाळाशाळांत जाऊन वयात येणाऱ्या मुलींना पाळी, गर्भ, शरीर समजावून सांगायचं काम त्या बावीस वर्षं करत होत्या. त्यांच्या सासूबाई मात्र अजून शेजारणींना सांगायच्या, “सून लसीकरणात आहे.”

तास संपला की मुलींनी नाव न घालता प्रश्न लिहून डब्यात टाकायचा. ताई घरी वाचायच्या आणि पुढच्या गुरुवारी उत्तर द्यायच्या. अक्षर ओळखायचं नाही, अंदाज बांधायचा नाही, उत्तर दिलं की चिठ्ठी फाडायची.

मागच्या वर्षी एक चिठ्ठी डब्याबाहेर पडली आणि मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या हाती लागली. त्यांनी अक्षरावरून मुलगी शोधली, वर्गासमोर उभी केली. ती पोर पुन्हा शाळेत आली नाही. तेव्हापासून मी प्रत्येक चिठ्ठीच्या मागे कोपऱ्यात बारीक नंबर घालू लागले. गेल्या किती, आल्या किती, लगेच कळावं. लिहायला उशिरा शिकले होते, आकडे काढायची हौसही होती. ताईंना सांगितलं नव्हतं.

त्या गुरुवारी पेट्रोल पंपावर रांग होती, म्हणून ताईंनी जीपमध्येच डबा उघडला. तिसरी की चौथी चिठ्ठी वाचून त्यांनी माझ्यापुढे धरली.

“तीन महिने आली नाही. मैत्रिणीने गोळ्या दिल्यात. शनिवारी आई गावाला जाणार, तेव्हा घेऊ का? किती घ्यायच्या?”

“परवाच शनिवार,” ताई म्हणाल्या.

“ताई, ही कोणाची ते मला माहितीय.” मी चिठ्ठी उलटी केली. सतरा. मी खिडकीकडून ओळीने वाटते. सतरा म्हणजे तिसरी रांग, दुसरा बाक, भिंतीकडची.

ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. “मावशी, हे काय करून ठेवलंत तुम्ही?”

शुक्रवारी सकाळी त्या केंद्राच्या पडवीत येरझाऱ्या घालत होत्या. कपाट उघडायचं, बंद करायचं, पुन्हा उघडायचं.

“मोठ्या बाईंना एक फोन केला तर दहा मिनिटांत पोर सापडेल,” मी म्हटलं.

“आणि मग शाळेत राहील ती?”

“शाळेचं काय घेऊन बसलात? जीव राहायला नको का?”

ताईंनी जीपची किल्ली उचलली.

शाळेच्या फाटकातच मोठ्या बाई भेटल्या. “आज कसा काय दौरा? काही विशेष?”

“एक धडा राहिलाय.”

“तुमचा धडा काही संपत नाही बाई. आमचं गणित तीन वर्षांत संपतं.”

एकीवर बोट येऊ नये म्हणून ताईंनी गुरुवारचा एकच वर्ग न घेता चारही वर्ग घेतले. दारात मला म्हणाल्या, “तिसऱ्या रांगेकडे बघायचं नाही.” मग वर्गाला सांगितलं, “पाळी चुकली म्हणून कोणी गोळ्या आणून दिल्या तर आपल्या मनाने घेऊ नका. रक्त थांबत नाही, जिवावर बेततं. उद्या सकाळी नऊपासून मी केंद्रात तीन नंबरच्या खोलीत आहे. कोणीही या. मागचं दार उघडं असेल. दुसऱ्या कोणाला सांगावं लागलं, तर आधी तुम्हाला विश्वासात घेईन. वाटेत कोणी हटकलं तर सांगा, डोळे तपासायला चाललोय.”

पोरी हसल्या. मी बघितलंच. सतरा नंबरची वहीत फुलं काढत खुदुखुदु हसत होती. मी मनात म्हटलं, केवढं आत दाबून बसलीय पोर!

शनिवारी बारा वाजले, दोन वाजले. ताईंनी जेवणाचा डबा उघडून दोन घास खाल्ले आणि बाजूला सारला. मागच्या दारात मांजर आलं तरी आम्ही दोघी उठत होतो. तीन वाजता मी चप्पल घातली. “मी जाते तिच्या घरी. काय व्हायचं ते होईल.”

“थांबा.”

“किती थांबायचं?”

तेवढ्यात दार सरकलं. पहिल्या बाकावरची उंच मुलगी आत आली. वर्गाची मॉनिटर, मोठ्या बाईंच्या खास विश्वासातली. तिने मुठीतली पुडी टेबलावर ठेवली. ताईंनी उघडून बघितली.

“एकही घेतली नाहीस ना?”

“नाही.”

सकाळपासून पहिल्यांदा ताई नीट खुर्चीत टेकल्या.

माझ्या तोंडून गेलं, “पण तू सतरा नाहीस!”

“आम्ही चिठ्ठ्या बदलतो, आजी. मागे आकडे असतात ना? आम्हाला वाटलं, मोठ्या बाईंनीच घालायला सांगितलेत.”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

“असं वाटत असून लिहिलंस?” त्यांनी विचारलं.

“विचारायला दुसरं होतंच कोण?” मुलगी टेबलावरच्या केसपेपरांच्या गठ्ठ्याकडे बघत होती. “इथे पण नंबर देतात?”

“देतात. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. डॉक्टरांच्या कागदावर नंबर असतो, आणि आईलाही सांगावं लागेल. तेव्हा मी शेजारी असेन. पण आधी आपण दोघीच बोलू. बस.”

मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं. पिशवीत पुढच्या गुरुवारच्या चिठ्ठ्या होत्या, चाळीसपर्यंत आकडे घातलेल्या. बाकावर बसून खोडायला लागले. आतून ताईंचा आवाज हळू येत होता, मुलीचा येत नव्हता. रबर झिजला तरी कागदावर आकड्याचा वळ राहत होता. उजेडात धरला की दिसायचा. नवव्या चिठ्ठीला हात थांबवला. सगळ्या फाडल्या आणि कोरा कागद कापायला घेतला.