मेलेल्या काकांचा चहा

बावीस वर्षं लोकांच्या वेलांट्या आणि स्वल्पविराम निस्तरता निस्तरता तिच्या डोळ्यांचं पार पाणी झालं होतं. ती मुद्रितशोधक होती. छपाईआधी पुस्तकातल्या चुका वेचायच्या हेच काम. त्या उन्हाळ्यात कायद्याचा एक जाडजूड ग्रंथ तिने कसाबसा हातावेगळा केला, आणि थोरल्या बहिणीने फर्मान काढलं: चार दिवस समुद्रावर जायचं, खोली ठरवली आहे, कारणं ऐकणार नाही. वाचायला हलकंफुलकं काहीतरी मात्र तू आण.

निघायच्या आदल्या दिवशी ती दुकानात गेली. सुट्टीतली पुस्तकं दारापाशीच मांडली होती, सगळ्यांवर छत्र्या नि निळं पाणी. एक उघडलं, तर तिसऱ्याच ओळीत 'दिन'चा 'दीन' झालेला. ठेवलं. दुसऱ्यात उघडलेलं अवतरणचिन्ह मिटायचं नाव घेत नव्हतं. तेही ठेवलं. असं अर्धा तास चाललं, तेव्हा दुकानदाराने विचारलंच, की बाई, पुस्तक घ्यायला आलात की तपासायला? ती ओशाळली. तिलाच स्वतःचा वीट आला होता. कोपऱ्यातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून तिने न उघडताच एक रहस्यकथा उचलली आणि बाहेर पडली.

किनाऱ्यावर थोरली टोपी तोंडावर ओढून आडवी झाली. शिवणाचं दुकान ती वर्षातून एकदाच बंद ठेवायची. धाकटीने शेजारी खुर्ची टाकून पुस्तक उघडलं. मोठं घर, मृत्युपत्र, बाराव्या पानावर काकांना विषबाधा आणि काका खलास. ती रंगून गेली. त्र्याऐंशीव्या पानावर मात्र तेच काका व्हरांड्यात बसून चहा पीत होते.

तिने मागची पानं पुन्हा चाळली. काका मेले होते, यात शंका नव्हती. असं कुणी कसं सोडलं, म्हणून तिने सुरुवातीचं बारीक अक्षरांतलं पान काढलं. 'मुद्रितशोधन' या शब्दापुढे तिचंच नाव होतं.

तिला हे पुस्तक मुळीच आठवेना. मग खालचं साल दिसलं. त्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले होते. दुपारी त्यांचा डोळा लागला, की ती खाटेशी बसून मांडीवरचे कागद तपासायची. वेलांटी न् वेलांटी पाहिली असणार. गोष्ट काही डोक्यात शिरली नव्हती.

तिने थोरलीला सगळं सांगितलं. थोरली टोपीखालूनच म्हणाली, "त्या वर्षी मी एका बाईंच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या होत्या."

"मग?"

"मग काय. बाबा गेल्याचं कळलं होतं त्यांना. तसाच घालून गेल्या, अवाक्षर बोलल्या नाहीत."

धाकटीला आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. सवयीने तिचा हात पिशवीतल्या लाल पेनाकडे गेला होता.

"राहू दे गं," थोरली म्हणाली. "पिऊ दे काकांना चहा."

तिने पिशवी मिटली. ऊन पायांवर आलं होतं, म्हणून खुर्ची मागे ओढून घेतली आणि पुढचं पान उलटलं. खून कुणी केला, ते तिला खरोखरच आठवत नव्हतं.