नुन्त्सियाताचा उजवा पंजा

आमचे मेव्हणे ओत्ताविओ यांना स्वस्थ बसता येत नाही, हे सगळ्या मोन्तेसोर्दोला ठाऊक आहे. चर्चमध्ये ते शेवटच्या बाकामागे उभे राहतात, कारण तिथे प्रवचन चालू असताना येरझाऱ्या घालता येतात. जेवताना पावातला मऊ भाग काढून त्याचं रानडुक्कर करतात, ते बिघडलं म्हणून त्याचाच कोल्हा करतात, तोवर सूप गार होतं. माझी बायको इओले म्हणते, "आईनं दादाला चालता चालताच जन्म दिला असणार."

मोन्तेसोर्दो म्हणजे बहिरा डोंगर, आणि गावाचा पिढीजात धंदा घंटा ओतायचा. नाव आधी पडलं की धंदा आधी सुरू झाला, यावर आमच्याकडे अजून भांडणं होतात.

ओत्ताविओंनी मात्र ब्राँझमध्ये आयुष्यभर जनावरं घडवली. नेपल्सच्या कलाशाळेत त्यांचे प्राध्यापक लोखंडाला भोकं पाडून त्यांना 'शांतता' वगैरे नावं देत. यांनी लांडगा केला. "यातून तुम्हांला काय सांगायचंय?" असं परीक्षकांनी विचारलं. हे म्हणाले, "लांडगा." कसेबसे पास झाले. पुढे गिऱ्हाइकं भेटली, ती प्राध्यापकांहून बरी, कारण ती पैसे देत. शिकारी मंडळाला रानडुक्कर हवं होतं, पण अध्यक्षांकडे आदरानं पाहणारं. बँकेला गरुड हवा होता, पण ठेवीदारांकडे वरून बघणारा नको. एका हॉटेलवाल्याला तोंड मिटलेला लांडगा हवा होता, कारण पाहुणे तिथेच नाश्ता करत. एक अट सगळ्यांची सारखी: जनावर नीट उभं पाहिजे.

"दाजी," ते मला म्हणत, "मी जन्मात एकही जनावर स्वस्थ उभं राहिलेलं बघितलं नाही. मी केलेली तेवढी उभी आहेत. पासपोर्टचा फोटो काढायला आल्यासारखी."

मी शाळेत भूगोल शिकवतो. आमच्या भागात डोंगरसुद्धा अधूनमधून हलतात, असं सांगून मी विषय संपवत असे.

मग नुन्त्सियाता आली, म्हणजे यायची बंद झाली. ही अस्वलीण. दर वर्षी पानगळीच्या सुमारास ती डोंगरावरून उतरायची, मधाच्या पेट्या फोडायची, एखादी मेंढी न्यायची आणि फादर चेलेस्तिनोंच्या नासपतीच्या झाडावर चढून फांद्या मोडायची. जिवंत होती तोवर तिला कोणी चांगल्या शब्दानं हाक मारली नाही. एका वर्षी ती आलीच नाही, आणि महिन्याभरात ती 'आपली नुन्त्सियाता' झाली. ती मेली नसून त्यांच्याकडे राहायला आली आहे, असं पलीकडच्या खोऱ्यातल्या पिएत्राफोस्काचे लोक म्हणू लागले, तेव्हा आमच्या चौकात तिचा पुतळा उभारायचं ठरलं. काम ओत्ताविओंना मिळालं.

बैठक नेहमीप्रमाणे बारमध्ये भरली. नगराध्यक्षा ओर्नेल्लाबाईंनी अस्वलाचं चित्र असलेला चीजचा डबा टेबलावर ठेवला.

"अशी. दोन पायांवर, पंजे पसरलेली. लोकांना शेजारी उभं राहून फोटो काढता आला पाहिजे."

"बाई, हे अस्वल चीज विकतंय," ओत्ताविओ म्हणाले. "माझी चाललीये."

"कुठे चाललीये?"

"ते कळत नाही म्हणून तर बघावंसं वाटतं!"

त्यांनी तिला वरच्या कुरणात एकदाच जवळून पाहिलं होतं. ती चालता चालता थबकली, उजवा पंजा तसाच हवेत राहिला, आणि तिनं मान वळवून मागे पाहिलं. घरी गॅस चालू राहिला की काय, असा चेहरा. ओत्ताविओंना तेवढंच हवं होतं, पाऊल पडायच्या आधीचं.

"चार पायांवरचं अस्वल चर्चच्या बाजूनं मेंढी दिसतं," खजिनदार म्हणाले.

"तुम्ही चर्चच्या बाजूनं बघू नका. तसंही तिकडे कधी फिरकत नाही."

तेवढ्यात दुपारची घंटा झाली. ती झाली की बारच्या फळीवरचे ग्लास किणकिणतात आणि टेबलावरचे थरथरतात, म्हणून आपापल्या ग्लासावर तळवा ठेवायचा, अशी आमच्याकडची रीत. नगराध्यक्षाही ठेवतात. घंटा थांबेपर्यंत भांडणही थांबतं. बैठक तशीच उठली.

निकाल पिएत्राफोस्कानं लावला. त्यांनी घाईघाईनं फायबरचं अस्वल उभारलं, दोन पायांवर, पंजे पसरून. दुसऱ्या दिवशी ओर्नेल्लाबाई म्हणाल्या, "चार पायांवर. माझं पहिल्यापासून तेच मत होतं."

ओत्ताविओ खूश होतील असं मला वाटलं होतं. ते जास्तच फेऱ्या घालू लागले. "एवढी माती उचलायला आता खांदे साथ देत नाहीत, दाजी. ही शेवटची. ही जर नुसती उभी राहिली, तर मी जन्मभर चीजचे डबेच केले म्हणायचे."

अस्वल आधी मातीचं होतं. त्यावरून प्लास्टरच्या कवचातला रबरी साचा घेतात, साच्यातून आतून पोकळ असं मेणाचं अस्वल काढतात, मेणावर माती आणि विटांच्या चुऱ्याचा जाड लेप चढवतात. लेप भट्टीत भाजला की मेण वितळून जातं आणि रिकाम्या जागेत ब्राँझ ओततात. थोडक्यात, लेप चढेपर्यंत मनात येईल ते करा, नंतर हात बांधलेले. म्हणून लेपच चढेना.

ओतशाळा रोक्कोची. त्याच्या पाच पिढ्यांनी घंटाच ओतल्या. ओत्ताविओंची छोटी कामं बाहेर शहरात होत, पण गावचं अस्वल गावातच ओतायचं, असं ठरलं होतं.

"काल तू म्हणालास, झालं," रोक्को म्हणाला.

"काल झालंच होतं."

"मग?"

"आज परत बघितलं."

"कशाला बघतोस परत! मी बायकोकडे तीस वर्षं परत बघितलेलं नाही, संसार झकास चाललाय."

पंजा वर जाई, खाली येई. मान वळे, जास्त वळे, परत फिरे. शेवटी इओलेनं भावाच्या सगळ्या सुऱ्या आणि कोरण्या आपल्या शिवणाच्या कपाटात कुलूपबंद केल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तर हे कॉफीचा चमचा तापवून मेणाशी उभे.

"दादा, चमचा खाली ठेव."

"फक्त पंजा गं. बोटभर वर झालाय."

"ठेव म्हणते ना!"

चमचा खाली आला. रोक्कोनं त्याच दमात लेपाची बादली पुढे ओढली.

आमच्याकडे घंटा ओतताना सगळं गाव भट्टीशी जमतं. फादर मारियामातेची नाममाला म्हणतात, लोक 'आमच्यासाठी विनंती कर' म्हणत साथ देतात, आणि त्या घोषात रस साच्यात उतरतो. अस्वलासाठी मातेला साकडं घालायचं का, हा प्रश्न निघाला. फादर चेलेस्तिनोंचा नासपतीचा राग अजून गेला नव्हता. बराच विचार करून ते म्हणाले, "मी नाममाला म्हणेन. पण भिंतीकडे तोंड करून."

मेंढपाळही आले होते. नुन्त्सियातानं नेलेल्या मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा त्यांनी जपून ठेवल्या होत्या, त्या मुशीत टाकल्या. "घे बाई," एक म्हातारा म्हणाला, "हेच तेवढं राहिलं होतं खायचं."

फादरांनी भिंतीला उद्देशून सुरुवात केली. गाव विनंती करू लागलं. रोक्को भट्टीपुढे घामानं निथळत होता, आणि 'विनंती कर' कानावर पडलं की त्याच्या घराण्यात जे करतात ते त्यानं केलं: कथलाच्या विटा उचलल्या आणि रसात सोडल्या. सगळ्या गावानं ते डोळ्यांनी पाहिलं. कोणाला काहीच वावगं वाटलं नाही. ओत्ताविओंना दिसलं असतं, पण ते बाहेर अंगणात फेऱ्या मारत होते.

लेप फोडला तेव्हा आतून निघालं ते अस्वल जरा पांढुरकं होतं, पण होतं अस्वलच. गडी खुर्च्यांवर टेकले, बारमधून वाइन मागवली गेली, पेले भरले. ओत्ताविओ तिच्याभोवती फिरले. एकदा, दोनदा, उलट्या बाजूनं. मग त्यांनी हातोडी उचलली.

"पंजा बोटभर वर आहे. थोडा तापवून वाकवतो."

"वाकव बाबा," रोक्को म्हणाला. "ब्राँझ आहे, वाकेल."

त्यांनी पंजावर हलकेच टकटक केलं.

अस्वल वाजलं. खणकन नाही, लांबवर, गोल, बराच वेळ. रोक्कोचा चेहरा तिच्याहून पांढुरका झाला. तो म्हणाला, "देवा. मी घंटा ओतली."

मूर्तीच्या ब्राँझला कथील बेतानं घालतात, ते वाकतं, ठोकता येतं. घंटेला जवळजवळ दुप्पट, म्हणून ती गाते. पण वाकवायला गेलं की तडकते.

"अजून एक ठोका दिलास तर पंजा हातात येईल," रोक्को म्हणाला. "चूक माझी. रबरी साचा आहे, मेण परत काढू, परत ओतू. माझ्या खर्चानं. आणि पंजा या वेळी हवा तिथे घे."

इओलेनं माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांच्याही मनात तेच आलं: परत मेण. परत चमचा. ओत्ताविओंना सत्तराव्या वर्षी कोणीतरी स्वर्ग देऊ केला होता. त्यांचे डोळे चमकले. ते अस्वलाच्या पाठीवर हात टेकून बोलायला लागले, "मान पण मग जरा..."

तेवढ्यात दुपारची घंटा सुरू झाली. सगळ्यांचे तळवे सवयीनं आपापल्या पेल्यावर गेले. ओत्ताविओंच्या हाती पेला नव्हता. त्यांचा हात होता तिथेच राहिला, आणि मान पण मग जरा काय, ते कधीच कळलं नाही.

"ओत्ताविओ?" रोक्को म्हणाला.

"श्श."

घंटा संपली. ते आणखी थोडा वेळ तसेच होते.

"दाजी, इकडे या. हात ठेवा. आता गेलं असेल... नाही, आहे."

मी हात ठेवला. आत खोल कुठेतरी बारीक थरथर होती, मांजर झोपेत घुरघुरतं तशी. चर्चची घंटा रोक्कोच्या आजोबांनी ओतली होती, आणि तिच्या आवाजाला ही आपसूक साथ देत होती.

"हलतेय," ओत्ताविओ म्हणाले.

"मग परत ओतायचं ना?" रोक्कोनं विचारलं. "बघ हं, कडाक्याच्या थंडीत बर्फ काढणाऱ्या गाडीचा धक्का जरी लागला, तरी तडा जाईल."

ओत्ताविओंनी हातोडी गड्याच्या हातात दिली. "तो साचा फोडून टाक."

"नीट विचार कर."

"केला तर नाही म्हणेन. आत्ता फोड."

नुन्त्सियाता चौकात आली त्याला आता दोन हिवाळे झाले. ओर्नेल्लाबाई पाहुण्यांना सांगतात की हिला मुद्दामच गाती केली, आणि ही कल्पना पहिल्यापासून त्यांचीच. फादर दुपारी तिच्याकडे पाठ करून जातात, पण हळू चालतात. बर्फ पडलं की ओत्ताविओ पहाटेपासून तिच्याभोवती फेऱ्या घालतात आणि गाडीवाल्यावर ओरडतात, "लांबून! लांबून घे, गाढवा!"

दुपारची घंटा झाली की ते तिच्या पाठीवर तळवा ठेवतात आणि उभे राहतात. स्वस्थ. पहिल्या वेळी इओले घाबरून डॉक्टरांना बोलवायला निघाली होती.

काल मीही शेजारी होतो. घंटा थांबली, थरथर विरली, त्यांनी हात काढून खिशात घातला आणि मान तिरकी करून खाली पाहिलं.

"बोटभर वरच आहे हो, दाजी," ते म्हणाले, आणि चालायला लागले.