निळ्या डब्यातले खारट पाणी

मित्रांनो, मी एक जुना निळा डबा आहे. रत्नागिरीतल्या एका आरोग्य उपकेंद्रात खिडकीखाली भिंतीला टेकून असतो. सुईची वाट पाहणारी मुले माझ्या पाठीवर बसून पाय हलवतात. कुणी माझे कौतुक केले, की मला आजही अवघडल्यासारखे होते. असे का होते, ते ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. बाहेरून जाड प्लास्टिक, आत थंडी धरून ठेवणारे अस्तर, वर घट्ट झाकण आणि खांद्याला अडकवायचा पट्टा. माझ्या भावंडांसोबत ट्रकमध्ये बसून १९९८ साली मी रत्नागिरीला आलो. इथे मी योगिनीबाईंच्या खांद्याला लागलो. त्या उपकेंद्राच्या नर्स. मिरकरवाड्याच्या बंदरातली सगळी बाळे त्या नावानिशी ओळखत.

मला वाहायची होती लस. लस फार नाजूक असते, मित्रांनो. ऊन लागले की ती बिघडते, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण काही लशी गोठल्या तरी निकामी होतात, हे थोड्यांनाच माहीत असते. म्हणून बाई आइसपॅक, म्हणजे पाणी भरून गोठवलेल्या चपट्या बाटल्या, फ्रीजरमधून काढून आधी टेबलावर मांडून ठेवत. त्या बाटल्यांना घाम फुटला, कानाशी हलवल्यावर आत पाणी खळखळले, की मगच त्या माझ्या भिंतींना लावत. मधोमध लशीच्या कुप्या. ना गरम, ना गोठलेले. तेवढेच माझे काम.

पोलिओच्या कुपीवर एक हुशार चिकटी, म्हणजे स्टिकर, असे. गोलाच्या आत फिकट चौकोन. उष्णता लागली, की तो चौकोन काळवंडत जाई. बाई ती बायकांना दाखवत आणि म्हणत, "बघा, चौकोन पांढरा आहे. आमच्या डब्याने राखला." बायका माझ्याकडे कौतुकाने पाहत आणि मी फुगून जाई. थंडी जितकी जास्त, तितका मी मोठा, असे मला वाटू लागले.

बंदरात आमची बसायची जागा म्हणजे कनीजचाचींची पडवी. कनीजचाची मासळीच्या व्यापारातल्या. त्यांचा मुलगा जमाल ट्रॉलरवर होता. लसीकरणाच्या दिवशी त्या सगळ्या गल्लीतून हाका मारत फिरत. "चला गो, पोरांना घेऊन! नायतर मी घरात घुसून उचलून आणीन!" आणि खरोखरच आणत.

ते २००३ साल असावे. मे महिना. आदल्या दिवसापासून वीज गेलेली. आइसपॅक नीट गोठलेच नव्हते. पडवीत पोचेपर्यंत ते कोमट व्हायला लागले. बाईंनी झाकण उघडून चिकटीकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आज परत जावे लागणार, चाची. डबा तापतो आहे."

"परत? आणि ह्या जमवलेल्या बायका काय मला सोडतील?" कनीजचाची हसल्या. "बर्फाच्या गावात येऊन बर्फ नाय म्हणून रडताव? थांबा."

जमालच्या ट्रॉलरवर भरायला आणलेला बर्फ बंदरावर होता. चाचींनी टोपलीभर कुटलेला बर्फ आणला. बाईंनी कुप्यांची पिशवी घट्ट बांधली आणि तिच्याभोवती बर्फ रचला. तेवढ्यात एक बाळ वजनकाट्यावर हातपाय झाडू लागले, म्हणून त्या तिकडे वळल्या. इकडे चाचींनी घरातून खडे मीठ आणले आणि मूठभर माझ्यात टाकले. सुरमई दूर धाडायची असली, की त्या बर्फात मीठ घालत. मिठाने बर्फ जास्त गार होतो. त्यांना वाटले, औषध बाईंचे, पोरे आपली. मग सुरमईपेक्षा कमी मान कसा द्यायचा?

मित्रांनो, तशी थंडी माझ्या अंगात कधीच शिरली नव्हती. माझ्या भिंती आतून कडक झाल्या. मला वाटले, आज माझ्यासारखा डबा अख्ख्या जिल्ह्यात नसेल. त्या अभिमानाची मला सर्वांत जास्त लाज वाटते. माझ्या पोटात कुप्या गोठत होत्या आणि मी खूश होतो.

बाई एकेक कुपी हातात घेत, बोटांत फिरवत, सुई भरत. हाताच्या उबेने गोठलेली लस पुन्हा पातळ होई आणि बाईंच्या लक्षात येत नसे. चिकटीही गप्प होती. ती उष्णतेची चाहूल देते, गोठल्याची नाही. त्या दिवशी पुष्कळ बाळांना घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस टोचली. त्यांत चाचींची नात आयातही होती.

उपकेंद्रात परतल्यावर बाईंनी उरलेली कुपी उजेडात धरली. आत बर्फाची कड होती. ती वितळू दिली, हलवली, टेबलावर ठेवली. वर स्वच्छ पाणी आणि तळाशी पांढरा गाळ. चांगली लस इतक्या लवकर अशी फाटत नाही. मग त्यांनी माझ्या तळाच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावले. खारट. त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या अंगाला मासळीचा वास येत होता. मला वाटले, झाकण गच्च लागावे आणि पुन्हा कुणी ते उघडू नये.

बाळांना ताप आला असणार, मांड्या दुखत असणार, आणि त्या दुखण्याच्या बदल्यात संरक्षण काहीच नाही. घटसर्प, डांग्या खोकला, सगळ्यांना दार उघडेच. बाई बोलल्या नसत्या, तर कुणालाच कळले नसते. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला साबणाने धुतले आणि रिकामाच खांद्याला लावून पडवीत नेले.

बायका जमल्या. बाईंनी सांगितले, "कालची सुई वाया गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा टोचावे लागेल. डबा नको तितका गार झाला." मिठाचे नावही त्यांनी काढले नाही.

गलका उसळला. मालन नावाची तरुण आई पुढे आली. "रातभर पोर मांडीवर घेऊन बसलंय मी! आमची पोरं काय तांदळाची पोती हायत, कवापण टोचा घालून दाणा बघायला?"

"सरकारी डबो तो! गार करायला ठेवलाव, तर गार झाला म्हणून रडताव!" कुणीतरी मागून म्हणाले. सगळ्या हसल्या.

सगळ्या नजरा माझ्यावर. मला तोंड होते, पण ते झाकणाचे. आता ह्यांतली एकही परत येणार नाही, असे मला वाटले.

कनीजचाची दाराशी उभ्या होत्या. त्यांची ओढणी हातात चुरगळत होती. "नको तितका गार म्हणजे?" त्यांनी हळूच विचारले. बाईंनी मान खाली घातली. चाचींना उमगले. त्या पुढे आल्या आणि माझ्या झाकणावर तळवा ठेवला.

"ह्या मुक्या डब्याला कशाला बोलताव? मीठ मी टाकलं. भल्यासाठी टाकलं, पण विचारलं नाय." त्यांनी ओढणी सारखी केली. "पुढच्या येळी पैली सुई माझ्या आयातला. मग ज्याला यायचं त्यानं या."



पुढच्या महिन्यात आम्ही पोचलो, तेव्हा चाची आयातला मांडीवर घेऊन बसल्याच होत्या. "बाय, पाणी खळखळतंय ना?" त्यांनी आधी विचारले आणि आइसपॅक स्वतः कानाशी हलवून पाहिला. आयात रडली. मग मालन आपले बाळ घेऊन उठली. "मीठ नाय ना घातलाव, चाची?" "तुझ्या जिभेवर घालीन!" चाची म्हणाल्या. त्या हशात बाकीच्या बायकाही सरकत सरकत पुढे आल्या.

पुढे माझ्या झाकणाची कडी तुटली, नवे डबे आले आणि मी या खिडकीखाली आलो. आयात पाच वर्षांची झाली, तेव्हा शाळेत जाण्याआधीची सुई घ्यायला आली. माझ्यावर बसून ती टाचा आपटत होती.

"लाथा मारू नको गो," चाची म्हणाल्या. "माझ्या चुकीचे बोल ह्याने खाल्ले, तुझ्या दादीची लाज झाकली हाय."

आयातने पाय आवरले. मी मात्र आणखी ओशाळलो. मी कुणाची लाज झाकली नव्हती, मित्रांनो. भरल्या पडवीत दोष स्वतःवर घेऊन चाचींनीच माझी झाकली होती. म्हणून एवढेच सांगतो. कुणाची नाजूक वस्तू सांभाळायला घेतलीत, तर तिला किती हवे ते आधी विचारा. आणि कधी चुकलेच, तर मुक्यावर ढकलू नका.